तापलेल्या पाण्यातली मस्की: उन्हाळ्यात गरवायचं कसं आणि थांबायचं कधी

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन आणि कॅनडातल्या ऑन्टारिओच्या तलावांवर जुलै-ऑगस्ट हा मस्की या मासळीचा भर हंगाम. पाणी 70 अंश फॅरनहाइटच्या पुढे गेलं की तिचं पचन वाढतं, भूक वाढते आणि वेगाने ओढलेल्या आमिषावर ती बिनधास्त झडप घालते. गळातून सोडवून पाण्यात परत सोडलेली मस्की मरण्याचा धोकाही याच दिवसांत सगळ्यात जास्त असतो. शिकागो, डेट्रॉइट, मिनियापोलिस, टोरोंटो या भागांत राहणाऱ्या आणि गावी खाडीवर गरवायची सवय असलेल्या मराठी माणसाला मुलांच्या शाळेची सुट्टी मिळते तीही नेमकी याच महिन्यांत. त्यामुळे पुढे जे सांगितलं आहे त्यात आमिषाइतकीच जागा थर्मामीटरला दिली आहे.

आधी मासळीची ओळख. मस्कीचं पूर्ण नाव मस्कलंज. ती पाइकच्या कुळातली, लांबट अंगाची, पाण्यात दबा धरून बसणारी शिकारी मासळी. मादी अंडी घालायच्या वयाला यायला साधारण पाच ते सात वर्षं लागतात आणि 50 इंचांची मस्की बहुतेक वेळा 15 वर्षांच्या आसपासची असते. चांगल्या तलावातही ती विरळच सापडते, म्हणून तिला दहा हजार फेकींची मासळी म्हणतात. मोठ्या मस्कीच्या मांसात पाराही साठलेला असतो. या सगळ्यामुळे ती पकडून सोडण्याची रीत इथे पक्की रुजली आहे. ताटात वाढण्यासाठी वॉलाय, पर्च, ब्लूगिल आहेतच.

नॉर्दर्न पाइक आणि मस्की एकाच पाण्यात असतात, आणि दोघींचे नियम वेगळे. अंगाकडे बघा: पाइकच्या गडद हिरव्या अंगावर फिकट ठिपके असतात, तर मस्कीच्या फिकट अंगावर गडद पट्टे किंवा डाग. मस्कीच्या शेपटीची टोकं अणकुचीदार असतात, पाइकची गोलसर. तरीही खात्री नसेल तर खालच्या जबड्याच्या खालच्या बाजूची बारीक छिद्रं मोजा. एका बाजूला सहा ते नऊ असली तर मस्की, पाच किंवा कमी असली तर पाइक.

आकडा वाचायचा कसा

बोटीवरच्या सोनारच्या (ध्वनिलहरींनी तळ आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्याच्या कोपऱ्यात पाण्याचं तापमान दिसतं. ढोबळ हिशेब असा धरा. 75 अंशांपर्यंत (24 सेल्सिअस) नेहमीसारखं गरवा. 75 ते 78 मध्ये गरवायला हरकत नाही, पण मासळी पाण्याबाहेर काढायची नाही आणि सोबत जाळं धरणारा जोडीदार हवाच. 78 ते 80 हा काठावरचा टप्पा. जाणती मंडळी बहुतेक इथेच थांबतात आणि आमचं मतही तेच. 80 अंश, म्हणजे 26.7 सेल्सिअस, लागले की मस्कीवर गळ टाकायचा नाही. यात अपवाद काढत बसू नका.

कारण सोपं आहे. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 सेल्सिअसला पूर्ण भरलेल्या पाण्यात लिटरमागे साधारण 9.1 मिलिग्रॅम प्राणवायू असतो, 27 सेल्सिअसला तो 8 वर येतो. मासळीचं रक्त थंड, त्यामुळे पाणी तापलं की तिच्या शरीराचा व्यापारही वाढतो आणि प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे पुरवठा घटतो तेव्हाच मागणी चढते. त्यात मस्की झुंजते ती जोरदार, थोड्या वेळाच्या धडकांनी. अशा झुंजीत स्नायूंमध्ये लॅक्टिक आम्ल साठतं आणि ते उतरायला कित्येक तास लागतात. थंड पाण्यात ती हे निभावून नेते. गरम पाण्यात सोडल्यावर शेपूट हलवत निघून जाते आणि संध्याकाळी तळाशी मरून पडते. म्हणून "पोहत गेली की झालं" हा उन्हाळ्यात पुरावा धरायचा नाही.

सोनारचा आकडा पृष्ठभागाखालच्या जेमतेम फूटभर पाण्याचा असतो. वारा नसलेल्या दुपारी हा वरचा थर खालच्या पाण्यापेक्षा तीन-चार अंशांनी जास्त दाखवू शकतो. खात्री करायची असेल तर दोरीला थर्मामीटर बांधून 10 फुटांवर दोन-तीन मिनिटं ठेवा. मात्र खाली 77 आहे म्हणून वरच्या 81 कडे दुर्लक्ष करू नका. तिची झुंज, जाळं, गळ काढणं आणि सोडणं, सगळं वरच्या थरातच होतं. खोल गार पाण्यातून वर खेचलेल्या मासळीला तर तापमानातला हा फरक वेगळाच धक्का देतो. उन्हाळ्यात मुद्दाम खोलातल्या मस्कीच्या मागे लागू नये ते यासाठीच.

एका दिवसाच्या आकड्यापेक्षा चार रात्रींचा कल जास्त सांगतो. रात्रीची हवा 70 अंशांखाली उतरतच नसेल तर तलाव उष्णता साठवत जातो आणि पहाटेचा आकडाही 79 दिसू लागतो. पहाटेच जर 79 असेल तर त्या दिवशी मस्कीचा नाद सोडा, कारण दुपारपर्यंत तो फक्त चढणार. याउलट उत्तरेकडून थंड हवा आली आणि दोन दिवस वारा सुटला तर वरचं-खालचं पाणी मिसळतं आणि आकडा झपाट्याने खाली येतो. असे दिवस पकडण्यासाठी हवामानाच्या अंदाजावर नजर ठेवा.

कुठल्या पाण्यावर जायचं

ऑगस्टमध्ये तलाव निवडणं हेच अर्धं काम. लेक सेंट क्लेअर उथळ आहे, सरासरी खोली 11 फुटांच्या आसपास, पण ह्युरॉन सरोवराचं गार पाणी सेंट क्लेअर नदीतून त्यात सतत येत राहतं. त्यामुळे तिथे उन्हाळाभर मस्की चालते. लेक ऑन्टारिओतून निघणाऱ्या सेंट लॉरेन्स नदीलाही असाच फायदा मिळतो. मिनेसोटातलं व्हर्मिलियन, मिनेसोटा-ऑन्टारिओच्या सीमेवरचं लेक ऑफ द वूड्स ही उत्तरेकडची मोठी पाणी सहसा उशिरा तापतात. इलिनॉयमधली फॉक्स चेन ओ लेक्स, केंटकीचं केव्ह रन, ओहायोतले धरणांचे तलाव इथे मस्की चांगली आहे, पण ती मे-जून आणि सप्टेंबरनंतरची पाणी. जुलैच्या मध्यात तिथे 80 ओलांडणं नेहमीचंच.

तलावाच्या आतही फरक असतो. उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वर गरम, मध्ये झटकन गार होणारा पट्टा, खाली थंड. ज्या तलावात गाळ आणि शेवाळ जास्त, तिथे खालच्या थंड थरातला प्राणवायू संपलेला असतो. म्हणजे मस्कीला वर उष्णता आणि खाली गुदमर, मधल्या पट्ट्यात ती अडकते. अशा तलावात ती भुकेलेली असली तरी आधीच थकलेली असते. तिला ऑगस्टमध्ये एकटं सोडा.

बाकी तलावांत पहिली जागा म्हणजे पाणगवताची बाहेरची कड. रुंद पानांचं कॅबेज नावाचं पाणगवत 8 ते 14 फुटांवर उभं असेल, त्यातही वाऱ्याच्या बाजूला टोक किंवा आत वळणारी खाच असेल, तर तिथे आधी फेका. हिरवं, ताठ गवत चांगलं. तपकिरी होऊन कुजणारं गवत प्राणवायू खातं, ते टाळा. दुसरी जागा खोल पाण्यातून वर आलेल्या खडकांची. तिसरी वाहत्या पाण्याची: नदीचं मुख, दोन बेटांमधली अरुंद वाट, वाऱ्याने पाणी ढकललेला किनारा. तापलेल्या दिवसांत आमचा कल तिसऱ्या जागेकडे, कारण हलतं पाणी प्राणवायू धरून असतं.

इथे एक फसवी गोष्ट आहे. पहाटे पाणी सगळ्यात गार, म्हणून बरेच जण दाट गवताच्या बंद खाडीत पहाटे चारला पोचतात. पण वनस्पती रात्रभर प्राणवायू घेतात, देत नाहीत. दाट गवतातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो सूर्य उगवायच्या आधी. तेव्हा गरम रात्रीनंतरची पहाट खडकांवर किंवा वाऱ्याच्या बाजूला काढा, आणि गवताची कड सकाळी ऊन पडल्यावर धरा.

ऐन वेळा म्हणजे वादळाआधीचे ढगाळ तास, संध्याकाळचा शेवटचा उजेड, चंद्र उगवायची आणि मावळायची वेळ. मात्र ढग गडगडले की रॉड खाली ठेवून किनारा गाठा. कार्बनचा नऊ फुटी रॉड हातात धरून उघड्या पाण्यावर विजेची वाट बघायची नसते.

सामान: जड, आणि का जड

खाडीत बोयट-काळुंद्री गरवणाऱ्याला मस्कीचं सामान अवजड वाटतं. हलक्या सामानाने झुंज रंगते खरी, पण ती लांबते, आणि लांबलेली झुंज म्हणजे मेलेली मासळी. म्हणून रॉड साडेआठ ते नऊ फुटांचा, हेवी किंवा एक्स्ट्रा हेवी ताकदीचा. रील 300 किंवा 400 आकाराचं बेटकास्टर (आडव्या गुंडाळीचं), मजबूत ड्रॅगचं (मासळी ओढते तेव्हा दोरी दाबाखाली सोडणाऱ्या ब्रेकचं). दोरी ब्रेडेड (विणलेली), 80 ते 100 पाउंडांची. 50 पाउंडांची दोरी मासळीसाठी पुरेशी वाटेल, पण तीन औंसांचं ल्युअर (बनावट आमिष) जोरात फेकताना रीलवर गाठ बसली की ती तटकन तुटते. साधा नायलॉनचा तंगूस इथे चालत नाही. तो ताणतो आणि हाडाळ जबड्यात गळ रुतत नाही.

दोरीपुढे लीडर (दोरी आणि ल्युअरमधला जाड तुकडा) हवाच, कारण मस्कीचे दात ब्रेडेड दोरी क्षणात कापतात. फेकून गरवताना 130 पाउंडांच्या फ्लुओरोकार्बनचा 12 ते 18 इंचांचा लीडर ठेवा. त्यावर दातांचे ओरखडे दिसले की टाकून द्या. लीडर तुटून मस्की तोंडात ल्युअर घेऊन गेली तर तिचं मरण आपल्या हातून झालं.

ल्युअर फार लागत नाहीत. एक: दोन मोठी गोल पाती असलेलं बकटेल, पाती 10 नंबरची. उन्हाळ्यातलं हे मुख्य हत्यार. दोन: पृष्ठभागावर खळखळत येणारं, मागचा भाग फिरणारं टॉपवॉटर. तीन: रबरी मऊ शेपटीचं मोठं आमिष, नुसतंच मागे येऊन परत जाणाऱ्या मस्कीसाठी. काळा रंग रात्री आणि गढूळ पाण्यात, चंदेरी स्वच्छ पाण्यात, नारिंगी किंवा पोपटी चहासारख्या तपकिरी पाण्यात. जिवंत मासा आमिष म्हणून उन्हाळ्यात लावू नका. मस्की तो गिळते, गळ घशात किंवा कल्ल्यात जातो.

प्रत्येक गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. दोरी ताणलेली राहिली तर मासळी सुटत नाही, आणि गळ काढायचा वेळ निम्म्यावर येतो. टोक नखावर टेकवून पाहा. घसरलं तर कानशीने धार लावा.

आता सोडवायचं सामान. याशिवाय पहिली फेकही करायची नाही. तोंडाला तीन फुटांहून रुंद, खोल, रबर चढवलेल्या गाठ नसलेल्या विणीचं जाळं. साध्या नायलॉनची गाठाळ जाळी अंगावरचा बुळबुळीत थर खरवडते आणि तिथे पुढे बुरशी धरते. 11 इंच किंवा अधिक लांबीची टोकदार पक्कड. जाड गळ एका दाबात तोडणारा छोटा बोल्ट कटर. बाजारातला स्वस्त वायर कटर 7/0 आकाराच्या जाड गळावर वाकतो, तेव्हा घरी जुना गळ तोडून आधी तपासा. जाड हातमोजा, डोळ्यांवर चष्मा, तरंगती मोजपट्टी, रात्री डोक्यावरचा दिवा. हे सगळं एका ट्रेमध्ये, जाळ्याच्या शेजारी, झाकण उघडं.

फेकायचं आणि ओढायचं

बोट वाऱ्याच्या बाजूला नेऊन गवताच्या कडेला समांतर वाहू द्या, कडेपासून एका फेकीच्या अंतरावर. पुढचा माणूस कडेच्या आत फेकतो, मागचा बाहेर. ल्युअर पाण्याला लागायच्या आत रीलचा मूठदांडा फिरायला तयार असावा, कारण बऱ्याच झडपा पहिल्या पाच फुटांत येतात.

गरम पाण्यात वेग हवा. बकटेल इतकं जलद ओढा की पृष्ठभागावर पाण्याचा फुगवटा दिसेल, पण पाती पाणी फोडून बाहेर येणार नाहीत. ल्युअर फार खाली जात असेल तर वेग कमी पडतो आहे. टॉपवॉटर मात्र एकसारख्या चालीत आणा. मासळी मागे आल्याचं दिसलं की थांबवायचा मोह होतो, तो आवरा. थांबलेल्या टॉपवॉटरकडे मस्की बघते आणि बुडी मारते. पाण्यात स्फोट झाल्यासारखी झडप आली तरी रॉडला वजन जाणवेपर्यंत झटका देऊ नका. नुसत्या आवाजावर झटका दिला की ल्युअर तिच्या तोंडातून हिसकावलं जातं.

आता बोटीजवळचा आठचा आकडा, म्हणजे फेक संपताना रॉडच्या टोकाने पाण्यात इंग्रजी 8 काढत ल्युअर फिरवणं. उन्हाळ्यातल्या बऱ्याच मस्की इथेच लागतात आणि नवखे इथेच हरतात. ल्युअर बोटीपासून दहा फुटांवर आलं की लीडर रॉडच्या टोकापासून फूट-दीड फुटांवर राहील इतकीच दोरी ठेवा. स्विव्हल (दोरी आणि लीडर जोडणारा फिरता दुवा) रॉडच्या टोकाच्या कडीत घुसता कामा नये. गुडघे वाकवा, रॉडचं टोक पाण्यात हातभर खाली घाला आणि वेग न सोडता, उलट किंचित वाढवत, ल्युअर बोटीच्या कडेने बाजूला न्या. मग वळवा, पण मोठ्या गोलात, निदान तीन-चार फूट रुंद. चार फुटांची मस्की अरुंद वळणावर वळू शकत नाही. तिची नजर ल्युअरवरून सुटते आणि ती निघून जाते. सरळ पट्ट्यात टोक खोल, वळणावर थोडं वर, परत सरळ पट्ट्यात खोल. झडप बहुतेक वळणातून बाहेर पडतानाच येते. काही दिसो न दिसो, दर फेकीला दोन पूर्ण फेरे. मासळी दिसली तर ती जाईपर्यंत थांबू नका. हात दुखतात, दोन तासांनी हे टाळावंसं वाटतं, आणि नेमकं त्याच फेकीला खाली काळी सावली येते.

आठच्या आकड्यात ती लागली की झटका तिच्या तोंडाच्या उलट दिशेला, आडवा आणि कमरेतून द्या. सरळ वर उचललात तर उघड्या तोंडातून ल्युअर बाहेर येतं. जवळच्या झुंजीत ड्रॅग घट्ट असला तर दोरी किंवा गळ सुटतो. अशा वेळी अंगठा रीलच्या पट्टीवर ठेवून दोरी दाबाखाली सोडायची सवय करा.

उठलेली पण न लागलेली मस्की नकाशावर खूण करून ठेवा. तिच्यावर लगेच फेकत बसू नका. दोन-तीन तासांनी, उजेड बदलल्यावर, दुसऱ्या ल्युअरने परत या.

सेंट क्लेअरसारख्या पाण्यावर बोट चालवत ल्युअर ओढतात, ताशी साडेतीन ते पाच मैल वेगाने. उन्हाळ्यात यात दोन बदल करा. दोरी कमी सोडा, 15 ते 40 फूट पुरे. प्रॉपेलरच्या फेसातही मस्की घेते, आणि शंभर फुटांवरची मासळी ओढून आणण्यात मिनिटं जातात. दुसरं, मासळी लागताच बोट न्यूट्रलला आणा. चालत्या बोटीमागे तोंड उघडी मस्की फरफटली तर ती बुडते, अगदी शब्दशः.

जाळ्यातले दोन मिनिट

झुंज दोन-तीन मिनिटांत संपली पाहिजे. रॉड खाली आणि आडवा, दोरी कायम ताणलेली. ती पाण्याबाहेर उडी मारू लागली तर टोक पाण्यात घाला. जोडीदाराने जाळं आधी पाण्यात बुडवून धरावं आणि तुम्ही मासळी डोक्याकडून त्यात न्यावी. शेपटीकडून जाळं ढकललं की ती पुढे उसळते. पहिली संधी मिळाली की जाळ्यात घ्या, "जरा दमू दे" म्हणू नका.

जाळं बोटीत घ्यायचं नाही. ते कडेला पाण्यातच राहील, मासळी त्यात सरळ, कल्ले पाण्याखाली. दोघांनीही अर्धा मिनिट काही करू नका. ती शांत होते, तुमचे हातही. मग हातमोजा घालून वाका आणि गळ कुठे कुठे रुतले ते बघा. बहुतेक वेळा एक तिहेरी गळ जबड्याच्या कोपऱ्यात असतो आणि दुसरा जाळ्यात गुंतलेला. जाळ्यातला आधी तोडा. तो तसाच राहिला आणि मासळीने अंग फिरवलं तर जबडा फाटतो किंवा गळ तुमच्या हातात घुसतो. नंतर जबड्यातल्या गळाचा दांडा पक्कडीने धरून आला तसा उलटा वळवा. पाच सेकंदांत निघाला नाही तर कटर उचला आणि तोडा. गळ पाच डॉलरचा, मासळी 15 वर्षांची. कल्ल्याच्या लाल पडद्याजवळ गळ असेल तर ओढाओढ अजिबात नको. कल्ल्याच्या झाकणाबाहेरून कटर घालून टोकं छाटा आणि उरलेलं हळूच सोडवा. रक्त दिसलं तरी हाच मार्ग, फक्त आणखी घाईने.

गळ माणसाच्या हातात गेला तर आधी तो ल्युअरपासून तोडून वेगळा करा, म्हणजे मासळीच्या झटक्याने आणखी खोल जाणार नाही. मग मासळी सोडा, आणि डॉक्टरकडे जा.

75 अंशांच्या पुढे फोटो पाण्यातच काढा, मोजपट्टी जाळ्यात तरंगती ठेवून. त्याखालच्या तापमानात उचलायचीच असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवा, एक हात कल्ल्याच्या झाकणाखाली जबड्याच्या हाडाला धरून, लाल पडद्याला बोट न लावता, दुसरा पोटाखाली, आणि मासळी आडवी. श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की तिलाही हवा आहे. उभी लटकवली की आतड्यांचं आणि मणक्याचं नुकसान होतं, मग ती कितीही छान पोहत जावो.

सोडताना जाळं खाली पाडा, शेपटीचं मूळ एका हाताने धरा, दुसऱ्याने पोटाला आधार द्या आणि ती सरळ ठेवा. पुढे-मागे ढकलत राहू नका, उलटं पाणी कल्ल्यांत गेलं की त्रासच होतो. कल्ले लयीत उघडझाप करू लागले आणि तिने स्वतः शेपटीने जोर मारला की हात सोडा. त्याआधी नाही, मग 10 मिनिटं लागोत. गेल्यावर बोट तिथेच पंधरा मिनिटं ठेवा, इंजिन बंद. पोट वर करून परत तरंगली तर पुन्हा धरायची. दुसऱ्या बोटींच्या पंख्यापासून तिला वाचवायचं कामही तुमचंच. आणि एक मस्की अशी अवघड गेली तर त्या दिवशीचं गरवणं तिथेच थांबवा, आकडा काहीही सांगो.

रात्रीचं गरवणं

उन्हाने चमकणाऱ्या स्वच्छ तलावांवर ऑगस्टची रात्र दिवसापेक्षा फलदायी, बोटींची गर्दीही नसते. पृष्ठभाग दोन-चार अंश उतरतो. काळं बकटेल किंवा टॉपवॉटर दिवसापेक्षा हळू आणि एकाच चालीत आणा, म्हणजे तिला नेम धरता येतो. आठचा आकडा इथे तर दर फेकीला, कारण मागे आलेली दिसणारच नाही. लाइफ जॅकेट अंगावर, बोटीचे दिवे चालू. अंधारात गळ काढायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून कटर पक्कडीच्या आधी हाती घ्या.

नियम

मिनेसोटात मस्कीची किमान लांबी 54 इंच, विस्कॉन्सिनच्या बहुतेक पाण्यांवर 40 इंच. ऑन्टारिओत विभागानुसार आणि तलावानुसार बदलते. तिथला कमी पैशांचा कॉन्झर्व्हेशन परवाना असेल तर मस्की ठेवताच येत नाही, सोडावीच लागते. मिनेसोटात उन्हाळ्यात एका माणसाची एकच दोरी. दरवर्षी सरकारी पुस्तिका उघडून त्या तलावाचं पान वाचा. परतताना बोटीच्या बुडाचं झाकण काढून पाणी सोडायचं, गवत उचलायचं, बोट वाळवायची. झेब्रा शिंपले आणि परकं पाणगवत एका तलावातून दुसऱ्यात असंच जातं, आणि मिनेसोटात झाकण लावलेली बोट रस्त्यावर नेणं हा गुन्हा आहे.

80 च्या पुढे

सुट्टी घेतली आहे, बोट भाड्याची आहे, आणि पहाटे आकडा 81. रॉड गुंडाळा, हलकं सामान काढा. ब्लूगिल, लार्जमाउथ बास, कॅटफिश हे उष्णता सोसणारे मासे आहेत, आणि मुलांना ब्लूगिल इतका आनंद मस्की कधीच देणार नाही. त्या दिवशी मस्कीच्या जागा नुसत्या सोनारने फिरून बघा: गवताची कड कुठे वळते, खडक कुठे उठतो, आमिष-मासळीचे थवे किती खोल आहेत. सगळ्या खुणा नकाशावर टाका. सप्टेंबरच्या मध्याला पाणी 60 च्या घरात उतरतं तेव्हा यातल्या बऱ्याच जागा कामी येतात, आणि तेव्हाची मस्की उन्हाळाभर खाऊन जाड झालेली असते.